वाळूवरचा पाळणा

ग्वाल्हेरहून आगऱ्याकडे जाणारी गाडी मुरैना सोडून थोडी पुढे गेली, की खिडकीशी बसलेल्या मुलांत एकच गडबड उडते. दोन्ही बाजूंना मातीचे कडे आणि खोल घळी दिसू लागतात, पुलाचा धडधडाट सुरू होतो आणि खाली चंबळेचे स्वच्छ, संथ पात्र पसरलेले दिसते. घरातील वडील मंडळी हात जोडतात, कोणी पाण्यात नाणे टाकते, कोणी डाकूंच्या गोष्टींना आरंभ करते. इतक्यात पूल संपतो आणि चंबळाही मनातून निघून जाते. त्या पात्राच्या मध्यभागी वाळूची जी पांढरट बेटे दिसतात, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आमचेही कित्येक वर्षे गेले नव्हते. आज त्या वाळूविषयी आणि तिच्यावर संसार मांडणाऱ्या एका पक्ष्याविषयी आम्ही चार शब्द लिहू इच्छितो. तो पक्षी जगातून नाहीसा होण्याच्या वाटेवर आहे; आणि त्याचे जे थोडे पाळणे या पृथ्वीवर शिल्लक आहेत, त्यांपैकी फार महत्त्वाचे पाळणे आपल्या दाराशी, या चंबळेत आहेत.

या पक्ष्याचे नाव पाणचिरा. नावातच त्याची ओळख आहे: पाणी चिरणारा तो पाणचिरा. आकाराने तो सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतो. पण पंख पसरले, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मीटरहून अधिक भरतात. पाठ व डोक्यावरची टोपी काळी, मान व पोट पांढरेशुभ्र, पाय तांबडे आणि चोच नारिंगी, टोकाशी पिवळी. या चोचीत निसर्गाने एक नवल करून ठेवले आहे. इतर पक्ष्यांच्या चोचीची दोन्ही पाती साधारण सारखी असतात, किंवा वरचे थोडे लांब असते. पाणचिऱ्याचे खालचे पाते वरच्याहून पुष्कळ लांब असते. भल्या पहाटे, सायंकाळी किंवा रात्री तो पाण्याला चिकटून उडतो आणि चोच उघडी ठेवून खालचे पाते पाण्यात बुडवितो. कात्रीने रेशमी वस्त्र कापत जावे, तशी एक सरळ रेघ पाण्यावर उमटत जाते. त्या पात्याला मासळीचा स्पर्श झाला, की वरचे पाते क्षणात खाली येते आणि मासा चोचीत सापडतो. मौजेची गोष्ट अशी, की अंड्यातून बाहेर आलेल्या पिलाची चोच इतर पक्ष्यांसारखीच असते; उडण्याचे दिवस जवळ येतात, तसतसे खालचे पाते वाढू लागते. या जातीचे भाऊबंद अमेरिका व आफ्रिका या खंडांत आहेत. पण आपला भारतीय पाणचिरा त्यांहून निराळा, आणि तिघांत सर्वांत अधिक संकटात सापडलेला.

विद्यार्थिमित्रांना वार्षिक परीक्षेची चिंता लागते, त्याच दिवसांत पाणचिऱ्यांची विणीची तयारी चालू असते. हिवाळा संपून पाणी उतरू लागले आणि पात्रात वाळूची बेटे उघडी पडली, की हे थवे तेथे येतात. घरटे म्हणजे काय, तर वाळूत उकरलेला एक उथळ खळगा! ना काडी, ना पान, ना कापूस. त्यात तीन किंवा चार अंडी घातली जातात. अंड्यांचा रंग वाळूसारखा, वर तपकिरी ठिपके. त्यामुळे दहा पावलांवरूनही ती दिसत नाहीत. शेजारी नदी-सुरय, टिटवी आदी पक्ष्यांचीही अंडी असतात. ही जणू एक वस्तीच. शत्रू आला, तर सगळी वस्ती आरडाओरडा करीत त्याच्यावर धावून जाते.

ग्वाल्हेरचा वैशाख कसा असतो, हे येथील वाचकांस सांगण्याची गरज नाही. दुपारी अनवाणी अंगणात उतरणाऱ्यास वाळूचा ताप ठाऊक आहे. अशा तापलेल्या वाळूवर उघड्या खळग्यात ठेवलेली अंडी काही वेळ जरी तशीच राहिली, तरी आतला जीव होरपळून जाईल. म्हणून या पक्ष्याला अंडी उबविण्याइतकीच ती थंड राखण्याचीही चिंता असते. आईबाप आळीपाळीने नदीवर जातात, पोटाची पिसे पाण्याने भिजवितात आणि परत येऊन तो ओलावा अंड्यांना देतात. तीन आठवडे हा क्रम चालतो. त्यानंतर पिले बाहेर येतात आणि त्यांना उडता येईपर्यंत आणखी पाच-सहा आठवडे जावे लागतात. म्हणजे फाल्गुन-चैत्रापासून पहिला पाऊस पडून नदीला पूर येईपर्यंत जो अवधी मिळतो, त्यात सारे आटोपले पाहिजे. एखाद्या कुत्र्यामुळे वा माणसामुळे आईबापांना दुपारी घरट्यावरून उठावे लागले आणि तो तेथेच रेंगाळला, तर अंड्याला हात न लावताही तो अंडे मारतो. ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

एके काळी हा पक्षी सिंधूपासून मेकाँगपर्यंतच्या मोठ्या नद्यांवर आढळत असे. मेकाँगवरून तो आज नाहीसा झाला आहे. आता त्याचा मुख्य आधार भारत व बांगलादेश. थंडीत पुष्कळ पक्षी समुद्रकाठच्या खाड्यांवर आणि नद्यांच्या मुखांवर जातात आणि विणीसाठी पुन्हा नद्यांच्या वाळूकडे येतात. जगात मिळून प्रौढ पाणचिऱ्यांची संख्या तीन हजारांच्या आत असल्याचा अंदाज आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघाने त्याला संकटग्रस्त ठरविले. तीन हजार म्हणजे किती? आपल्या जत्रेत एका संध्याकाळी याहून अधिक माणसे एका पाळण्याभोवती जमतात!

चंबळ एवढी स्वच्छ आणि निवांत कशी राहिली, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पुराणांतरी तिचे नाव चर्मण्वती. रंतिदेवाच्या यज्ञांची आणि द्रौपदीच्या शापाची कथा तिच्याशी जोडलेली आहे. शापित नदी म्हणून तिच्या काठी फारशी तीर्थे झाली नाहीत, फारशी मोठी नगरे वसली नाहीत. पुढे बेहडांत बागी राहू लागले आणि भयाने लोक आणखी दूर राहिले. अर्थात शाप आणि भय या दोघांनी नकळत या नदीची राखण केली. १९६० साली विनोबाजी या खोऱ्यात पायी हिंडले आणि कित्येक बागींनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. १९७२ साली जौऱ्यास जयप्रकाशजींसमोर आणखी शेकडो शरण आले. माणसाच्या दृष्टीने ही मोठी मंगल घटना. परंतु भयाचा पहारा उठला आणि त्याच्या जागी समजुतीचा पहारा बसविण्यास मात्र आपण विसरलो.

१९६० हेच वर्ष चंबळेच्या इतिहासात दुसऱ्या एका कारणानेही मोठे आहे. त्याच वर्षी गांधीसागर धरण पुरे झाले व कोट्याचा बंधारा कामास लागला. पुढील बारा वर्षांत राणाप्रतापसागर आणि जवाहरसागर हीही धरणे झाली. त्यांनी वीज दिली, शेते भिजविली. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. पण खालच्या पात्राला उन्हाळ्यात पुरेसे पाणी मिळेनासे झाले, हेही खरे. पाणी उतरले, की बेट काठाला जोडले जाते. ते बेट राहतच नाही. मग गावची कुत्री, कोल्ही, गुरे-ढोरे पाय न भिजवता घरट्यांपर्यंत जातात. उलट वरून एकाएकी पाणी सोडले गेले, तर सारी वस्ती एका रात्रीत वाहून जाते. म्हणजे पाणी कमी झाले तरी मरण, आणि अवेळी वाढले तरी मरण!

यापेक्षाही लाजिरवाणी गोष्ट वाळूची आहे. १९७८-७९ च्या सुमारास मध्यप्रदेश, राजस्थान आणि उत्तरप्रदेश या तीन राज्यांनी मिळून या नदीचे ४०० किलोमीटरांहून अधिक लांबीचे पात्र राष्ट्रीय चंबळ अभयारण्य म्हणून राखले. या अभयारण्यातून वाळू काढण्यास मनाई आहे. तरीही रात्री-बेरात्री ट्रॅक्टर पात्रात उतरतात, हे या भागातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. अवैध खाणकामाला आळा घालू पाहणाऱ्या एका तरुण पोलिस अधिकाऱ्याला २०१२ साली मुरैना जिल्ह्यात दगडाने भरलेल्या ट्रॅक्टरखाली प्राण गमवावे लागले. ज्या व्यवहारात माणसाच्या जिवाची पर्वा नाही, त्यात पक्ष्याच्या अंड्याची ती कोठून असणार?

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या घराला एक खोली वाढविली. वाळूचा ढीग दारात आला, भाव ठरला, काम झाले. ही वाळू कोठली, असा प्रश्न आम्ही त्या माणसाला विचारला नाही. आणि खरे सांगायचे, तर उत्तर नको होते म्हणूनच विचारला नाही. स्वस्त मिळाली, एवढाच आनंद. आज त्या भिंतीकडे पाहताना मनाला टोचणी लागते. चोरीचा माल विकत घेणारा हा चोराचा सोबती, असे आपणच मुलांना शिकवितो. मग वाळूच्या बाबतीत तो नियम का लागू नये?

आमचे एक स्नेही म्हणाले, "एवढी चिंता कशाला? सुसरींचे झाले, तसे यांचेही करावे." त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. १९७५ च्या सुमारास देशातील घडियाल म्हणजे सुसरी जेमतेम दोनशेच्या आसपास उरल्या होत्या. सरकारने योजना आखली. मुरैन्याजवळ देवरी येथे केंद्र निघाले. नदीकाठची अंडी तेथे आणून उबविली जातात, पिले हौदांत वाढवितात आणि ती मीटरभराहून लांब झाली, की नदीत सोडतात. आज चंबळेत दोन हजारांहून अधिक सुसरी आहेत. आपल्या जिल्ह्यांच्या शेजारी झालेले हे काम साऱ्या जगात नावाजण्यासारखे आहे, आणि प्रत्येक शाळेने देवरीस सहल नेऊन ते पाहावे, अशी आमची सूचना आहे.

पण सुसर आणि पाणचिरा यांत मोठे अंतर आहे. सुसरीचे पिलू अंड्यातून बाहेर आले, की थोड्याच दिवसांत स्वतः मासळी धरू लागते. पाणचिऱ्याच्या पिलाला आईबाप कित्येक आठवडे मासे आणून भरवितात; उडावे कसे, चोच पाण्यात किती बुडवावी, थंडीत कोणत्या खाडीकडे जावे, हे सारे त्याला थव्यात राहूनच साधते. हौदात वाढविलेल्या पक्ष्याला हे कोण देणार? आणि क्षणभर मानू, की शंभर पिले माणसाने वाढविली. ती सोडावयाची कोठे? बेटे नसतील, पाणी नसेल, तर ती पुढच्या चैत्रात अंडी कोठे घालतील? सुसरींचेही काम टिकले, ते नदी जिवंत होती म्हणून. आमचे मत असे, की पाणचिऱ्याची पैदास वाढविण्याचा खरा उपाय पिंजऱ्यात नसून वाळूवर आहे. त्याला आपण काही शिकवावयाचे नाही. तीन-चार महिने त्याला सुखाने राहू द्यावे, एवढेच.

कोणी म्हणेल, अभयारण्य तर झालेच आहे, आता काय उरले? त्याचे उत्तरही आपल्या जिल्ह्यातच आहे. सोनचिरैया, जिला मराठीत माळढोक म्हणतात, तिच्यासाठी १९८१ साली ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगावास आणि शिवपुरी जिल्ह्यात करेऱ्यास अभयारण्ये झाली. कागद झाले, पाट्या लागल्या. परंतु भोवतालच्या गावांना ती चिडिया आपली वाटली नाही. तिच्यासाठी आपल्या जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, एवढेच त्यांना जाणवले. आज दोन्ही ठिकाणी सोनचिरैया दिसत नाही. करेऱ्याचे अभयारण्य तर २०२२ साली रद्दच झाले. जे राखावयाचे तेच गेले, मग राखण कशाची? या उदाहरणावरून एक धडा घेतला पाहिजे: गावकऱ्याच्या मनात जागा नसेल, तर नकाशावरील जागेचा उपयोग नाही.

सुदैवाने चंबळेवर हा धडा काहींनी घेतला आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली जुनी संस्था. तिच्या अभ्यासकांनी २०१७ पासून येथे पाणचिऱ्यांच्या वस्त्यांवर काम चालविले आहे. त्यांनी नदीकाठच्या गावांतील माणसांनाच घरट्यांचे रक्षक नेमले. हे रक्षक विणीच्या दिवसांत उन्हातान्हात वाळूवर पहारा देतात, कुत्री व गुरे हाकलतात, घरटी किती झाली, पिले किती निघाली, याची टिपणे ठेवतात. त्यांना त्याचा मोबदला मिळतो. पण त्याहून मोठा लाभ असा, की तो पक्षी त्यांचा होतो. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावीही असेच घडले. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून समुद्रकासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. पुढे गावकरीच रखवालदार झाले आणि पिले समुद्रात जाताना पाहण्यास आता दूरदूरचे लोक त्या गावात उतरतात. जे वेळासच्या किनाऱ्यावर साधले, ते चंबळेच्या काठी का साधू नये?

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळू. माणसे तहानलेली असताना पक्ष्यांचे काय घेऊन बसलात, असे पुष्कळ जण विचारतात. प्रश्न खोटा नाही. तिघऱ्याचा तलाव आटला, की आपल्या शहरात नळाला एक दिवसाआड पाणी येते, हे आपण सोसले आहे. म्हणूनच चंबळेचे पाणी ग्वाल्हेरला आणण्याची योजना गेली कित्येक वर्षे आपल्याकडे चर्चेत आहे. आम्ही तिला विरोध करीत नाही. तहान ही सर्वांचीच सारखी. परंतु ज्या नदीचे पाणी आपण मागतो, तिचे आपण ऋणकरी होतो. घेण्यापूर्वी आपले पाणी आपण कसे वापरतो, हे पाहणे प्राप्त आहे. गळके नळ, वाहत्या टाक्या, अंगणात नळी लावून धुतलेल्या मोटारी हे सारे तसेच ठेवून आपण दुसऱ्याच्या पाळण्याखालचे पाणी ओढणार असू, तर ती तहान नव्हे. तो हव्यास होय.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत बेटांभोवती पाणी राहील, इतका प्रवाह नदीत ठेवावा आणि त्या दिवसांत पाणी सोडणे वा उचलणे घरट्यांचा विचार करून करावे. अवैध वाळूवर बंदी आहेच. ती कागदावरून पात्रात उतरावी, आणि बांधकामात दगडाच्या चुऱ्याची वाळू वापरण्यास उत्तेजन द्यावे. घरट्यांच्या रक्षकांची संख्या वाढवावी व त्यांचे मानधन वेळच्या वेळी मिळावे. पात्रात कलिंगडे-खरबुजे पिकविणाऱ्या गरीब कुटुंबांना हाकून न लावता, घरट्यांपासून दूरची वाळू त्यांना नेमून द्यावी. तीच कुटुंबे उद्याचे उत्तम रक्षक होतील. यांत अशक्य असे काय आहे?

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही काय करावे? प्रथम, पाणचिरा ओळखावयास शिका. उन्हाळ्यात नदीवर गेलात, तर बेटावर उतरू नका. छायाचित्राच्या मोहाने घरट्याजवळ जाऊ नका. नावेतून, दुरूनच पाहा. घरी बांधकाम निघाले, तर वडिलांना नम्रपणे विचारा, ही वाळू कोठली? आम्ही जो प्रश्न विचारला नाही, तो तुम्ही विचारा. मोठी माणसे इतर कोणाला उत्तर टाळतील; आपल्या मुलाला टाळणे त्यांना जड जाते.

आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून येथे आले. त्यांनी भाषा घरात जपली आणि माती येथली आपली मानली. माती आपली म्हटली, म्हणजे नदी आपली झाली. आणि नदीच्या वाळूवर जे वाढते, तेही आपलेच झाले. पुढल्या वेळी गाडी त्या पुलावर येईल, तेव्हा हात जोडून झाल्यावर क्षणभर त्या बेटांकडेही पाहावे. चैत्र-वैशाख असेल, तर तेथे एखादी माता ओल्या पिसांनी आपली अंडी निववीत बसली असेल. तिचे एवढेच मागणे आहे, की पावसाळ्यापर्यंत तिला कोणी उठवू नये.